वर्डमध्ये गणित टाइप करताना: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

पुण्यात सराव प्रश्नपत्रिका घरीच टाइप करणारे शिक्षक पुष्कळ आहेत. कोथरूडमधली घरगुती शिकवणी असो की सदाशिव पेठेतला क्लास, मराठी मजकूर भराभर टाइप होतो आणि वर्गमूळ आलं की हात थांबतो. मग कुणी समीकरण वहीत लिहून त्याचा मोबाइलवर फोटो काढतं आणि तो मजकुरात चिकटवतं. कुणी अंश वरच्या ओळीत, छेद खालच्या ओळीत टाइप करून मधे रेघ ओढतं. एकदा छापून निघतं खरं, पण पुढच्या वर्षी त्याच प्रश्नातले आकडे बदलायचे म्हटलं की सगळं नव्याने करावं लागतं. अक्षरांचा आकार वाढवला की रेघ एकीकडे आणि छेद दुसरीकडे जातो.

हे सगळं टाळता येतं. वर्डमध्ये समीकरण सरळ कळफलकावरून टाइप करता येतं, आणि तेही जवळजवळ आपण फळ्यासमोर बोलतो त्याच क्रमाने. ‘तीन छेद चार’ म्हणतो तसंच आधी तीन, मग तिरकी रेघ, मग चार. ‘क्ष चा वर्ग’ म्हणतो तसाच आधी क्ष, मग घात. उलटं आहे ते फक्त वर्गमूळ: बोलताना ते शेवटी येतं, टाइप करताना आधी. एवढं लक्षात ठेवलं की माऊसने चौकोन शोधत बसायची गरज उरत नाही. नवशिक्यांना लोक आधी वरच्या पट्टीवरची बटणं दाखवतात. मी आधी कळफलक दाखवतो, कारण बटणांची सवय लागली की ती सुटत नाही आणि वीस प्रश्नांच्या पेपरला अख्खी संध्याकाळ जाते.

या लेखातली उदाहरणं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. जिथे अ, ब, क, क्ष, न दिसेल तिथे प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं टाइप करायची आहेत, आणि आकडेही इंग्रजी. बॅकस्लॅशने सुरू होणाऱ्या आज्ञाही इंग्रजीतच. ओळखीच्या शब्दांच्या आज्ञा मी उच्चाराने लिहितो, आणि जिथे लघुरूप आहे तिथे अक्षरं सुटी सांगतो.

सुरुवातीची तयारी

फाइल कोणत्या रूपात साठवली आहे ते आधी बघा. नावाच्या शेवटी नुसतं ‘डॉक’ असेल तर ते जुनं रूप आहे, आणि त्यात समीकरणाचं बटण फिकट, न चालणारं दिसेल. ‘डॉक-एक्स’ हवं. जुनी फाइल उघडलेली असेल तर फाइल मेनूतल्या इन्फो पानावर ‘कन्व्हर्ट’ हे बटण असतं, ते दाबलं की काम होतं. पण उलट्या दिशेने जाऊ नका. समीकरणं टाइप केलेली फाइल जुन्या ‘डॉक’ रूपात साठवली तर ती सगळी चित्रं होऊन बसतात.

दुसरी तयारी कळफलकाची, आणि मराठीत काम करणाऱ्याला खरा अडथळा इथेच येतो. इन्स्क्रिप्ट हा मराठी कळफलक चालू असताना तिरकी रेघ दाबली तर ‘य’ उमटतो. घातासाठी शिफ्ट आणि सहा दाबलं तर ‘त्र’ येतो. बरोबरच्या चिन्हाच्या कळीवर ऋकाराची खूण बसलेली आहे आणि बॅकस्लॅशच्या जागी ‘ऑ’चा अर्धचंद्र-काना. त्यामुळे समीकरणात शिरण्याआधी कळफलक इंग्रजी करायचा आणि बाहेर आल्यावर पुन्हा मराठी. विंडोजची कळ दाबून धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. सुरुवातीला हे सारखं विसरायला होईल. समीकरणात देवनागरी अक्षर उमटलेलं दिसलं की घाबरू नका, बॅकस्पेस दाबा, भाषा बदला आणि पुढे चला.

समीकरणात लागणाऱ्या तीन कळा एकदा बोटांना सापडू द्या. घाताची टोपी म्हणजे शिफ्ट आणि सहा. पायथ्याला बसणाऱ्या अंकासाठी अधोरेषा, म्हणजे शिफ्ट आणि वजाबाकीची कळ. बॅकस्लॅश आपल्याकडच्या बहुतेक कळफलकांवर एंटरच्या वरच्या बाजूला असतो.

पहिलं समीकरण

ऑल्ट दाबून धरा आणि बरोबरचं चिन्ह दाबा. मॅकवर असाल तर ऑल्टऐवजी कंट्रोल. कागदावर एक पट्टी येईल, ‘इथे समीकरण टाइप करा’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना असलेली. माऊसनेच जायचं असेल तर इन्सर्ट टॅबच्या उजव्या टोकाला सिम्बॉल्समध्ये इक्वेशन आहे, पण ऑल्टचा मार्ग हाताला बसवा.

आता टाइप करा:

३/४

आणि स्पेसबार दाबा. तिरकी रेघ आडवी होईल, तीन वर, चार खाली. इथे स्पेसबारचं काम मोकळी जागा सोडणं हे नाही. ‘एवढं झालं, आता मांड’ असं वर्डला सांगणं हे त्याचं काम. समीकरणात जागा सोडायची काळजी वर्ड स्वतः घेतो, अधिक-वजा-बरोबरच्या दोन्ही बाजूंना हवं तेवढं अंतर आपोआप पडतं. म्हणून सवयीने मधे मधे स्पेस देऊ नका. अर्धवट लिहिलेला भाग त्या स्पेसने मांडला जातो आणि उरलेला बाहेर राहतो.

मांडणी मनासारखी झाली नाही तर कंट्रोल आणि झेड एकदा दाबा. मांडणी सुटून तुम्ही टाइप केलेली सरळ ओळ परत येते, तिथे दुरुस्ती करून पुन्हा स्पेस द्या. घातात किंवा छेदात कर्सर अडकला असेल तर उजव्या बाणाची कळ दाबून बाहेर पडा. नवशिक्यांची निम्मी चिडचिड या एका कळीने संपते: पुढचं सगळं घातातच बारीक अक्षरांत उमटत जातं आणि बाहेर कसं यायचं ते कळत नाही. उजवा बाण, एवढंच.

कंसाचं गणित

हा भाग नीट, सावकाश वाचा. बाकी सगळं यावर उभं आहे.

अ+ब/क असं टाइप केलंत तर वर्ड फक्त ‘ब छेद क’चा अपूर्णांक करतो आणि ‘अ अधिक’ बाहेर ठेवतो. गणिताच्या दृष्टीने त्याचं बरोबरच आहे, भागाकार आधी. तुम्हाला अख्खा अंश वर हवा असेल तर कंस करा:

(अ+ब)/क

स्पेस दिलीत की ‘अ अधिक ब’ वर जातं आणि कंस नाहीसे होतात. ते कंस फक्त वर्डला समजण्यासाठी होते, वाचणाऱ्यासाठी नव्हते. घातांकालाही हाच नियम: २^(न+१) लिहून स्पेस दिली की ‘न अधिक एक’ घातात जातं, कंस दिसत नाहीत. पायथ्याच्या अंकालाही तसंच, अधोरेषेनंतर कंस. वर्गमूळालाही तेच.

कंस खरोखर छापायचे असतील, म्हणजे अंशात कंसासकट पद हवं असेल, तर दुहेरी कंस करा. बाहेरची जोडी वर्ड खातो, आतली शिल्लक राहते. आणि कंसाच्या आत अपूर्णांक आला तर कंस आपोआप उंच होतो, त्यासाठी वेगळं काही करायचं नाही. हाताने ओढलेल्या किंवा मोठ्या आकारात टाइप केलेल्या कंसापेक्षा तो किती सुबक दिसतो ते एकदा छापून बघा.

अंकगणिती श्रेढीतल्या पहिल्या न पदांच्या बेरजेचं सूत्र घेऊ. दहावीच्या पेपरात ते दरवर्षी लागतंच:

स_न =न/२ [२अ+(न-१)ड]

‘स’नंतर अधोरेषा आणि न, मग स्पेस. ‘न छेद दोन’नंतरही स्पेस द्यायची, म्हणजे पुढचा चौकटी कंस छेदात ओढला जाण्याचा प्रश्न राहत नाही. ‘न वजा एक’चे कंस मात्र इथे टिकतात, कारण त्यांच्या शेजारी भागाकार किंवा घात नाही. वजाचं चिन्हही पाहा. मजकुरात ती कळ आखूड संयोगरेषा देते, समीकरणात तीच कळ पूर्ण लांबीचं वजाचिन्ह देते. चलांची अक्षरं तिरपी आणि आकडे उभे हेही आपोआप होतं. छापील गणिताची ही जुनी शिस्त वर्ड पाळतो, तुम्ही फक्त ती मोडू नका. समीकरण निवडून सगळं ठळक करणं, रंगवणं टाळा.

वर्गसमीकरणाचं सूत्र

ज्याला हे सूत्र न अडखळता टाइप करता आलं, त्याला शाळेतलं जवळजवळ सगळं बीजगणित टाइप करता येतं. ओळ अशी:

क्ष=(-ब+-√(ब^२-४अक))/(२अ)

जिथे √ दिसतं तिथे बॅकस्लॅश दाबून लगोलग एस, क्यू, आर, टी ही चार अक्षरं टाइप करा आणि कंस उघडा. कंस उघडताक्षणी त्या अक्षरांचं वर्गमूळाचं चिन्ह होईल. अधिक आणि लगेच वजा टाइप केलंत की त्याचं ± होतं. ‘ब’च्या घातानंतर वजा दाबलं की वर्ग जागेवर जाऊन बसतो. कंस बंद करून तिरकी रेघ दिलीत की अंश वर जातो. शेवटी छेद लिहा आणि स्पेस द्या. मधे काही विचित्र दिसलं तरी थांबू नका, ओळ पूर्ण करा. पुष्कळदा शेवटच्या स्पेसला सगळं जागेवर येतं. घनमूळासाठी आज्ञा सी, बी, आर, टी अशी आहे.

हे पाच-सहा वेळा लागोपाठ टाइप करा. मग सूत्र साठवून ठेवायची सोय वापरा. समीकरणाच्या उजव्या कडेला बारीक बाण असतो, त्यात ‘सेव्ह अ‍ॅज न्यू इक्वेशन’ निवडलंत की ते इक्वेशनच्या यादीत जाऊन बसतं आणि पुढच्या वेळी एका क्लिकवर मिळतं. नेहमीची आठ-दहा सूत्रं अशी ठेवली की पेपर काढायचा वेळ खूप वाचतो.

चिन्हांची नावं

चिन्हं यादीतून शोधण्यापेक्षा त्यांची नावं टाइप करणं सोपं. बॅकस्लॅश, नाव, मग स्पेस. अल्फा, बीटा, थीटा, पाय ही ग्रीक अक्षरं आपापल्या इंग्रजी नावानेच येतात. नावाचं पहिलं अक्षर मोठं केलंत तर मोठं ग्रीक अक्षर मिळतं, डेल्टाच्या बाबतीत हे कामाचं आहे. ∴ साठी थेअरफोर, ∠ साठी अँगल, ∥ साठी पॅरलल, ° साठी डिग्री. ⊥ साठी पी-ई-आर-पी, ≅ साठी सी-ओ-एन-जी, × साठी टाइम्स, ∞ साठी आय-एन-एफ-टी-वाय, ≠ साठी एन-ई. लहान-मोठ्याच्या चिन्हापुढे बरोबर टाइप केलंत की ≤ आणि ≥ आपोआप होतात.

त्रिकोणमितीत साइन, कॉस, टॅन ही नावं उभी छापतात, चलासारखी तिरपी नाहीत. त्यासाठी नाव टाइप करून स्पेस द्या आणि मग थीटा लिहा. स्पेस न देता पुढचं अक्षर चिकटवलंत तर वर्ड त्याला तीन चलांचा गुणाकार समजतो आणि तसंच तिरपं छापतो.

या आज्ञांची नावं मुळात टेक्स नावाच्या अक्षरजुळणीच्या प्रणालीतून आली. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांना १९७७ साली आपल्याच पुस्तकाच्या खंडाची मुद्रितं पाहून गणिताची छपाई फारच बिघडल्याचं दिसलं, आणि त्यांनी स्वतःच टेक्स लिहायला घेतलं. त्यावर बेतलेली लाटेक ही प्रणाली आज गणिताचे शोधनिबंध लिहिणारे जगभर वापरतात. तुमच्याकडचा विद्यार्थी उद्या पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत किंवा विद्यापीठाच्या गणित विभागात गेला तर त्याला तीच नावं पुन्हा भेटतील. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये तर समीकरणाच्या टॅबवर लाटेक हा पर्यायही निवडता येतो. नव्याने शिकणाऱ्याने मात्र तिथलं युनिकोड-मॅथ हेच ठेवावं. वर सांगितलेली कंसाची आणि तिरक्या रेघेची पद्धत त्याचीच आहे.

सरावासाठी एक बेरीज

संकलनाचं चिन्ह, ज्याला आपण वर्गात सिग्मा म्हणतो, त्याच्या सरावाला मी काप्रेकरांची एक संख्या देतो. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र काप्रेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, आणि ६१७४ या स्थिरांकासाठी जगभर ओळखले जातात. त्यांच्या नावाच्या संख्यांपैकी एक ४५. तिचा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. गंमत अशी की १ ते ९ या अंकांच्या घनांची बेरीजही २०२५ च येते. हे एका ओळीत लिहू:

∑_(क=१)^९ क^३=४५^२=२०२५

∑ साठी बॅकस्लॅश आणि एस, यू, एम. अधोरेषेनंतर कंसात खालची मर्यादा, टोपीनंतर वरची, मग स्पेस. चिन्हापुढे ठिपक्यांचा रिकामा चौकोन दिसला तर बाणाच्या कळीने त्यात शिरा, तिथे घन लिहा आणि उजव्या बाणाने बाहेर पडून बरोबरचं चिन्ह द्या. बारावीसाठी लागणारं ∫ हेही याच पद्धतीने, आज्ञा आय, एन, टी.

उत्तराच्या पायऱ्या एकाखाली एक

उत्तरपत्रिका किंवा आदर्श उत्तरं टाइप करताना बरोबरची चिन्हं एका रेषेत यायला हवीत. प्रत्येक पायरी वेगवेगळं समीकरण म्हणून टाइप केलीत तर ती जुळणार नाहीत. एका पायरीच्या शेवटी एंटरऐवजी शिफ्ट आणि एंटर दाबा, पुढची पायरी त्याच गटात येते. सगळ्या पायऱ्या झाल्या की त्या निवडा, उजवी क्लिक करा आणि ‘अलाइन अ‍ॅट’ बरोबर असा पर्याय आहे तो घ्या. सगळी बरोबरची चिन्हं एकाखाली एक येतात.

वर्ड समीकरणांचा गट आपणहून पानाच्या मध्यभागी ठेवतो. आपल्या प्रश्नपत्रिकांना ते शोभत नाही. समीकरणाच्या कडेच्या बाणात जस्टिफिकेशन आहे, तिथे लेफ्ट निवडा.

भूमितीच्या सिद्धतेसाठी मी समीकरणांची ही जुळणी वापरत नाही. दोन स्तंभांचा तक्ता घालतो, डावीकडे विधाने, उजवीकडे कारणे, आणि तक्त्याच्या रेघा काढून टाकतो. कारण लांबलं, दोन ओळींवर गेलं, तरी विधान आपल्या जागी राहतं. प्रत्येक विधानात ऑल्ट आणि बरोबर दाबून छोटं समीकरण टाकायचं.

मराठी शब्द समीकरणात आले तर

‘क्षेत्रफळ = लांबी × रुंदी’ यासारखी सूत्रं मराठीत लिहावी लागतातच. समीकरणासाठी वर्ड केंब्रिया मॅथ हा फॉन्ट वापरतो आणि त्यात देवनागरी अक्षरं नाहीत. त्यामुळे समीकरणात मराठी टाइप केलंत की ती दुसऱ्याच फॉन्टमधून उसनी येतात, आकार आणि ओळ जुळत नाही. माझा सल्ला सरळ आहे: ज्या सूत्रात अपूर्णांक, घात, मूळ काहीच नाही ते समीकरण म्हणून टाइप करूच नका, साध्या मजकुरात लिहा. गुणाकाराचं चिन्ह इन्सर्टमधल्या सिम्बॉलमधून घ्या.

अपूर्णांकात मराठी शब्द टाळता येतच नसतील, समजा वेग म्हणजे अंतर छेद काळ, तर ते शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा. स्पेस दिल्यावर अवतरणचिन्हं जातात आणि शब्द साधा मजकूर म्हणून राहतात. किंवा शब्द निवडून समीकरणाच्या टॅबवरचं ‘नॉर्मल टेक्स्ट’ दाबा आणि मग मंगल किंवा निर्मला हा फॉन्ट द्या. देवनागरी आकडेही त्याच कारणाने समीकरणात टाळावेत.

हे सगळं युनिकोड मराठीचं झालं. पुण्यातल्या पुष्कळ डीटीपीच्या कामात अजूनही, इथेच घडलेल्या श्रीलिपीचे जुने फॉन्ट चालतात, आणि तिथे एक सापळा आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. मजकुरात साध्या पद्धतीने टाइप केलेला इंग्रजी चल, अख्खा परिच्छेद निवडून फॉन्ट बदलला की एखादं भलतंच मराठी अक्षर होऊन जातो, आणि मुद्रितशोधनात ते सहज निसटतं. ऑल्ट आणि बरोबरने टाइप केलेलं समीकरण मात्र स्वतःचा गणिती फॉन्ट सोडत नाही, म्हणून एकच अक्षर असलं, नुसतं ‘क्ष ची किंमत काढा’ असलं, तरी तो चल समीकरण म्हणूनच टाका.

रसायनशास्त्राला या सगळ्याची गरज नसते. पाण्याचं किंवा गंधकाम्लाचं सूत्र लिहायला मजकुरातच कंट्रोल आणि बरोबर दाबलं की अंक खाली बसतो, पुन्हा दाबलं की परत ओळीत येतो. त्यात शिफ्ट मिळवली की अंक वर जातो.

निश्चयक

क्रेमरच्या पद्धतीमुळे दहावीला निश्चयक लागतात. समीकरणाच्या टॅबवरच्या ब्रॅकेटमधून दोन उभ्या रेघांची जोडी निवडा, मधल्या चौकोनात क्लिक करा, मग मॅट्रिक्समधून दोन बाय दोनची रिकामी मांडणी घ्या. चार चौकोनांत बाणाच्या कळीने फिरा. इथे बटणंच सोयीची पडतात. मॅट्रिक्स नेहमी लागत असतील तर आज्ञाही आहे: बॅकस्लॅश मॅट्रिक्स, कंसात एका ओळीतल्या संख्यांमधे अँडचं चिन्ह आणि नवी ओळ सुरू करताना ईमेलमधलं अ‍ॅटचं चिन्ह.

डोकं कापलेले अपूर्णांक

पान छापून आलं आणि अपूर्णांकाचा वरचा अर्धा भाग गायब, असं झालं तर दोष समीकरणाचा नसतो. परिच्छेदाच्या ओळींतलं अंतर ‘एक्झॅक्टली’ असं ठरवून दिलेलं असतं. प्रश्नपत्रिका दोन पानांत बसवायच्या घाईत हे हमखास केलं जातं. त्याच अंतरात मराठीच्या वेलांट्याही कापल्या जातात. पॅराग्राफच्या चौकटीत लाइन स्पेसिंग ‘अ‍ॅट लीस्ट’ किंवा ‘सिंगल’ करा, सगळं पूर्ण दिसेल.

आणखी एक: समीकरण ओळीत एकटं असेल तर ते मोठं, ऐसपैस मांडलं जातं. त्याच ओळीत एखादा शब्द आला की वर्ड त्याला ओळीच्या मापात बसवतो आणि अपूर्णांक बारीक होतो. शाळेतल्या मुलांना तो वाचायला त्रास होतो. अशा वेळी तेवढं समीकरण निवडून अक्षरांचा आकार दोन-तीन अंकांनी वाढवा.

समीकरणांना क्रमांक

हे प्रकल्प अहवाल आणि प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी. नव्या वर्डमध्ये समीकरणाच्या शेवटी हॅशचं चिन्ह, कंसात क्रमांक, आणि एंटर दिलंत की समीकरण मधे आणि क्रमांक उजव्या कडेला जातो. पाच-दहा समीकरणं असतील तर हे पुरेसं. चाळीस असतील आणि मधेच एक वाढलं तर पुढचे सगळे क्रमांक हाताने बदलावे लागतील. मोठ्या कामात तीन स्तंभांचा बिनरेघांचा तक्ता घ्या, मधे समीकरण, उजवीकडे रेफरन्सेस टॅबमधल्या इन्सर्ट कॅप्शनने क्रमांक, आणि मजकुरातले उल्लेख क्रॉस-रेफरन्सने. सगळं निवडून एफ-नऊ दाबलं की क्रमांक नव्याने लागतात.

वर्ड नसेल तर

लिब्रेऑफिस फुकट आहे आणि गणितासाठी चांगलं आहे. इन्सर्ट मेनूत ऑब्जेक्टखाली फॉर्म्युला आहे. खाली एक खिडकी उघडते, तिथे टाइप करायचं, वर मांडणी दिसते. भाषा मात्र वेगळी. अपूर्णांकाला तिरक्या रेघेऐवजी ओव्हर हा शब्द, गट करायला महिरपी कंस, ग्रीक अक्षरांपुढे बॅकस्लॅशऐवजी टक्क्याचं चिन्ह. मजकुरात एफ, एन टाइप करून एफ-तीन दाबलं की क्रमांकासकट एक तयार समीकरण येतं, त्यावर दोनदा क्लिक करून आपलं लिहायचं.

गूगल डॉक्समध्येही इन्सर्टखाली इक्वेशन आहे आणि बॅकस्लॅशची बरीच नावं तिथे चालतात. अपूर्णांक, मुळं, घात यापुरतं ते ठीक. मॅट्रिक्स नाही, पायऱ्या जुळवायची सोय नाही. अख्खा पेपर तिथे करू नये असं माझं मत आहे.

जुन्या फाइली

२००७ च्या आधीच्या वर्डमध्ये केलेल्या प्रश्नपेढ्या अनेक शाळांत आहेत. त्यांतली समीकरणं इक्वेशन एडिटर ३.० ची. सुरक्षेतल्या त्रुटीमुळे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये तो एडिटर काढून टाकला. समीकरणं दिसतात, छापता येतात, पण जुन्या पद्धतीने उघडत नाहीत. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये त्यांवर दोनदा क्लिक केलं की नव्या रूपात बदलायचं का असं विचारलं जातं. बदलण्याआधी फाइलची प्रत ठेवा आणि बदलल्यावर प्रत्येक समीकरण डोळ्यांनी तपासा, विशेषतः घातांक आणि उणे चिन्हं.

छपाईला देताना

झेरॉक्सच्या दुकानात किंवा नारायण पेठेतल्या छापखान्यात वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफ द्या. त्यांच्या संगणकावर वर्ड कोणतं आहे, केंब्रिया मॅथ आहे की नाही, यावर तुमची समीकरणं अवलंबून राहता कामा नयेत. फाइल मेनूतल्या एक्सपोर्टने केलेल्या पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मुलांना पाठवतानाही तेच. पुस्तक इनडिझाइन या पानं जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलं जाणार असेल तर आधीच बोलून घ्या, कारण वर्डची समीकरणं तिथे नीट येत नाहीत. समीकरणांची पानं पीडीएफ म्हणून बसवायची की पुन्हा जुळवायची हे दर ठरवतानाच ठरलेलं बरं. मूळ डॉक-एक्स फाइल मात्र स्वतःजवळ ठेवा, पुढच्या वर्षीचे आकडे तिच्यातच बदलायचे आहेत.

पीडीएफ झाली की शंभर टक्के आकारात पडद्यावर वाचू नका, एक प्रत कागदावर काढा. वर्गचिन्ह राहिलंय का, मूळचिन्हाची आडवी रेघ शेवटच्या पदापर्यंत पोचली आहे का, छेदात एखादं पद जास्तीचं तर गेलं नाही ना, हे पेन हातात घेऊन बघा. शक्य असेल तर प्रत्येक उदाहरण छापील कागदावरूनच सोडवा. उत्तर विचित्र आलं तर समीकरणात काहीतरी सुटलंय.